‘यादृच्छिक’ म्हणजे नेमकं काय, आणि ‘समाधान’ कुणाचं?

एका भाषांतरात ‘यादृच्छिक बंधन-समाधान पद्धती’ असं वाचलं. रँडमाइज्ड अल्गोरिदमबद्दल (म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी निवड करत उत्तर शोधणाऱ्या संगणकाच्या पद्धतीबद्दल) आहे एवढंच कळलं. कुणी उलगडून सांगेल का? आणि याचा प्रत्यक्षात उपयोग काय?

—

आधी ते ‘समाधान’ काढा. हिंदीत समाधान म्हणजे उकल, मराठीत समाधान मनाचं होतं. इथे कॉन्स्ट्रेंट म्हणजे अट, आणि अट आपण पाळतो किंवा पुरी करतो. ‘अटपूर्ती’ म्हटलं की भागतं. शाळेचं वेळापत्रक घ्या: एक शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर नको, प्रयोगशाळा एकच, कुणाला पहिला तास जमत नाही. हे सगळं एकदम पाळणारी मांडणी शोधायची.

‘यादृच्छिक’ रूढ आहे. पण यदृच्छा म्हणजे आपसूक घडणं. गीतेतला ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ आठवा. इथे आपसूक काहीच नाही, चिठ्ठी मुद्दाम टाकली जाते.

—

म्हणजे वेळापत्रकही चिठ्ठ्या टाकून? भरवसा कोण ठेवणार?

—

शब्द फसवतो तो इथेच. चिठ्ठी शोधताना टाकायची. उत्तर हाती आलं की एकेक अट तपासून घेता येते.

पटावर वजीर असे ठेवायचेत की कुणी कुणाला मारू नये. प्रत्येक उभ्या रांगेत एक, होता होईल तो कमी भांडणं होतील असे घाईत मांडा. मग माऱ्यात असलेल्यांपैकी एक चिठ्ठीने उचला आणि त्याच रांगेत सर्वांत कमी भांडणाच्या घरात बसवा. पुन्हा चिठ्ठी. दहा लाख वजिरांनाही सरासरी पन्नासेक चाली पुरतात! हीच युक्ती हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांना लावली, तेव्हा आठवड्याचं वेळापत्रक बसवायला लागणारे तीन आठवडे दहाएक मिनिटांवर आले.

चिठ्ठीच का? ठरलेल्या नियमाने उचललं तर तेच दोन वजीर एकमेकांना हुसकावत गोल फिरत बसू शकतात.

एक खोट मात्र आहे. हजारदा हुकलं तरी ‘असं वेळापत्रक शक्यच नाही’ असं ही पद्धत सांगू शकत नाही. ते हवं असेल तर सगळ्या शक्यता पद्धतशीर निकालात काढणारी पद्धत लागते.

—

‘स्वैर’ का नको? सुटसुटीत आहे.

—

त्याला स्वैराचाराचा वास येतो. इथली भटकंती मोजलेली असते. प्रत्येक अटीत दोनच पर्याय असतील (‘हे तरी, नाहीतर ते’) आणि उत्तर असेल, तर मोडलेली एखादी अट घेऊन त्यातला एक पर्याय चिठ्ठीने उलटवत राहायचं. १०० चल (म्हणजे हो की नाही ठरवायच्या गोष्टी) असतील तर सरासरी फार तर १०,००० पावलांत उत्तर सापडतं. हे संगणकशास्त्रज्ञ पापादिमित्रिऊ यांनी १९९१ मध्ये दाखवलं.

—

मग ‘सोडत-शोध’ म्हणू?

—

सोडतीत एकदा निघालेला नंबर पक्का. इथे तर निकाल मोडून पुन्हा चिठ्ठी टाकायची असते. छापताना ‘यादृच्छिक अटपूर्ती’ लिहा, बोलताना मी तर सरळ ‘रँडम’च म्हणतो.