दोष गोळीचा की चहाचा?
सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीने डोकं फिरतं म्हणून ती टाकून दिली, असं काही जण सांगतात, ते अर्धंच खरं. 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर मानसिक त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला होता. आठ हजारांवर लोकांच्या चाचणीनंतर 2016 मध्ये तो काढला. विचित्र स्वप्नं मात्र खरीच पडतात. रात्रीची गोळी झोपताना न घेता जेवणानंतर लगेच घेतली की बहुतेकांचं भागतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चहाचा विषय मात्र कुणी काढतच नाही. विडी-सिगारेटच्या धुरामुळे (निकोटीनमुळे नव्हे) कॅफीन फोडणारं यकृतातलं एन्झाइम जोरात चालतं. धूर थांबला की आठवडाभरात ते मंदावतं, आणि रंकाळ्यावरच्या टपरीवर पूर्वीइतकेच सहा कप रिचवले तर धडधड, चिडचिड, झोपेचं खोबरं. बिल फाडायचं गोळीच्या नावावर! कप निम्मे करा. क्लोझापीन, ओलांझापीन या मानसिक आजारावरच्या औषधांचंही असंच रक्तातलं प्रमाण वाढून गुंगी येते. सिगारेट सोडायची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगा, डोस तेच बदलतील. नुसता तंबाखूचा मावा खाणाऱ्यांना हा हिशोब लागू नाही, तिथे धूरच नाही.