मदत हवी आहे: व्हिएतनामच्या ग्रुप टूरमधून अर्धा दिवस कसा सोडवून घ्यायचा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमची चौदा जणींची भिशी आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम ठरलंय. सात रात्री: हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी. सगळ्या पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यानच्या. दोघींचे गुडघे बोलतात, पाच जणी पक्क्या शाकाहारी.

तीन वर्षांपूर्वी अशाच ग्रुपने थायलंडला गेलो होतो. काय पाहिलं असं कुणी विचारलं की मला आधी रत्नांचं शोरूमच आठवतं. अडीच तास बसवून ठेवलं होतं. एसी गार, सोफे मऊ, हातात सरबताचा ग्लास. तरंगत्या बाजारात पोचलो तेव्हा बायका होड्या धुवत होत्या. जेवायला रोज पनीर. परत आल्यावर नातीने विचारलं, "आजी, तिथली माणसं सकाळी काय खातात गं?" मला सांगताच येईना.

आताच्या कार्यक्रमातही तीच लक्षणं आहेत. बा ना हिल्स हे डोंगरावरचं करमणुकीचं पार्क पूर्ण दिवस, शॉपिंग दोनदा, होई आन "सायंकाळी 2 तास", आणि 'मी सन' हे जुन्या देवळांचं ठिकाण तर नाहीच. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची ही शिवमंदिरं तासाभरावर असताना हॉटेलात चहा पीत बसायला जीव होत नाही. ग्रुपमधून अर्धा दिवस बाजूला होता येतं का? टूरवाले चिडतात का? मी सन या वयात झेपेल का? आणि गावातलं रोजचं जगणं बघायचं तर कुठे, कधी जायचं? जाऊन आलेल्यांनी सांगावं.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मी सन सोडू नका. मी आणि बायको मार्चमध्ये जाऊन आलो. होई आनहून गाडीने साधारण तास. फाटकापासून आत बॅटरीवरची गाडी नेते, नंतरचं चालणं सपाट आणि झाडीतलं. पहाटेच निघा, दहानंतर बसेस येतात आणि ऊनही चढतं.

चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनने इथे भद्रेश्वराचं लिंग स्थापलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत मंदिरं बांधली जात होती. विटा अशा बसवल्यात की मधला चुना दिसत नाही, नखही जात नाही. संस्कृत शिलालेख आहेत. आणि शेजारीच बाँबचे खड्डे आहेत, आता गवताने भरलेले. 1969 च्या अमेरिकन बाँबफेकीत सगळ्यात मोठं मंदिर पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीचं काम करत होती, तेव्हा 2020 साली त्यांना नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. वेळ मिळाला तर दा नांगचं चाम (म्हणजे चंपाच्या लोकांच्या) शिल्पांचं म्युझियमही बघा, चांगल्या मूर्ती तिथेच आहेत.

जाता जाता एक. व्हिएतनामी लोक महाराजांचा गनिमी कावा वाचून लढले, हा जो फॉरवर्ड फिरतो, तो गाईडला दाखवू नका. मी दाखवला. बिचारा हसला आणि हनोईच्या तळ्याची गोष्ट सांगितली: पंधराव्या शतकात ले लोई राजाने चिनी मिंग सैन्याला हाकललं आणि देवाने दिलेली तलवार तळ्यातल्या कासवाला परत केली. त्या तळ्याचं नाव होआन किएम, म्हणजेच परत केलेली तलवार. आम्ही सातारकर, तलवारीची गोष्ट म्हटल्यावर मी तिथेच बसलो!

हरिपूरकर (सांगली)

काकू, बाकीचं नंतर. आधी तारीख बदला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाचा काळ. आपण दिवाळी म्हटलं की पाऊस गेला असं धरतो, तिथे उलटं आहे. मी दिवाळीतच गेलो होतो. होई आनमध्ये थू बोन नदी रस्त्यावर आली होती, हॉटेलवाल्याने आम्हाला होडीतून बाहेर काढलं. एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपुढे साल. 1964 ची खूण माझ्या डोक्याच्या वर. माडीच्या जमिनीत झडप आहे, पाणी चढायला लागलं की माल दोराने वर ओढून घ्यायचा. मला एकदम आपली गणपती पेठ आठवली. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आम्हीही धान्याची पोती अशीच माडीवर चढवली होती. त्या घरच्या बाईला मोबाइलवर आमचे फोटो दाखवले. तिला भाषा कळली नाही, पण पोती कळली. तिने चहा पाजला.

मार्च उत्तम. फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष, तेत, येऊ शकतं. तेव्हा दुकानं बंद असतात. मार्चमध्ये हा लाँगला धुकं मिळेल, पण होई आन कोरडं मिळेल.

सह्यकडा

एवढं सगळं मनासारखं हवं तर ग्रुप टूर कशाला? स्वतःच जा ना.

कृष्णाकाठ (सांगली)

चौदा जणींचे घरचे सोडतील तेव्हा जाऊ हो. सोबत हवी म्हणून ग्रुप, बैलांसारखं हाकलून घ्यायला नव्हे.

मिरज जंक्शन

मी या धंद्यात काही वर्षं काढलीत. शॉपिंगचा थांबा फुकट नसतो. तिथल्या कमिशनवर पॅकेज स्वस्त दाखवलेलं असतं. त्यामुळे ॲडव्हान्स देण्याआधीच "शॉपिंग वगळून किती?" असं विचारा. माणशी थोडे वाढतील, ते द्या. चौदा म्हणजे छोटा ग्रुप नाही, अख्खी एक गाडी होते. तुम्ही मागणी करायची, विनंती नाही. मी सनची वेगळी गाडी आणि स्थानिक गाईड कार्यक्रमात लिहून घ्या. तोंडी "बघू तिथे गेल्यावर" म्हणाले की समजा गेलं.

ई-व्हिसा 25 डॉलरचा आहे, एकदा प्रवेशाचा, 90 दिवसांपर्यंत. सरकारी साइटवरूनच भरा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर.

भडंगवाली

शाकाहारी मैत्रिणींसाठी एक शब्द पाठ करा: "चाय". चहा नव्हे! त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहार. "तोय आन चाय", मी शाकाहारी आहे. ज्या खानावळीच्या पाटीवर हा शब्द दिसेल तिथे निर्धास्त शिरा. नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून फसू नका, माशांचं पाणी, नुओक माम, सगळ्यात असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बौद्ध लोक स्वतःच चाय खातात, तेव्हा चंगळ.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर: सकाळी फो खातात, तांदळाच्या शेवयांचा गरम रस्सा. हनोईत साडेपाचला उठून तळ्याकाठी जा. म्हाताऱ्या बायका गाणं लावून व्यायाम करत असतात, आमच्यातल्या तिघींना त्यांनी रांगेत ओढलं. खांद्यावर बांबूची कावड घेतलेल्या बायका फळं विकतात. फोटो काढण्याआधी काहीतरी घ्या, नुसतं क्लिक केलं की त्यांना राग येतो. फोच्या गाडीवरची स्टुलं मात्र आपल्या न्हाणीतल्या पाटाएवढी. गुडघेवाल्या मैत्रिणींना आधी सांगा.

आणि नोटा! 20 हजार आणि 5 लाख डाँग दोन्ही निळ्या. पहिली साधारण 65 रुपयांची, दुसरी 1,600 च्या वर. मी एका नारळाला दुसरी दिली. बाईने हात धरून परत दिली म्हणून बरं.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. काल भिशीत तुमची उत्तरं मोठ्याने वाचली. तारीख मार्चवर गेली. दोघींच्या मुलांच्या परीक्षांमुळे कुरबुर झाली, पण "पूर" हा शब्द ऐकल्यावर सांगलीत कुणी वाद घालत नाही. टूरवाल्याने शॉपिंग काढून माणशी रक्कम वाढवली आणि लिहूनही दिलं. मी सनवरून मात्र भांडण झालं. सहा जणींना बा ना हिल्सचा तो दोन हातांवर तोललेला सोनेरी पूलच बघायचाय, फोटोसाठी. म्हणून त्या दिवशी सहा बा ना हिल्सला, आठ मी सनला, संध्याकाळी सगळ्या होई आनमध्ये भेटणार.

आता एकच विचारायचंय. होई आनमध्ये दर महिन्याला एका रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करून नुसते कंदील लावतात म्हणे. ती रात्र धरून तारीख ठरवता येईल का? कालनिर्णयवर बघून चालेल?

हरिपूरकर (सांगली)

चालेल काकू. त्यांच्या चांद्र महिन्याची चौदावी तिथी असते, म्हणजे आपली पौर्णिमेची आदली रात्र. त्यांचं आपलं एखाद्या दिवसाने मागेपुढे होतं, म्हणून टूरवाल्याकडून तिथल्या गाईडला विचारून घ्या. आणि भडंग जास्त न्या, त्या पुराच्या घरात पण एक पुडा द्या माझ्याकडून.