कॉलेजात गुणांचा पाऊस पाडणारा खेळाडू एनबीएत टिकेल, हे कशावरून ठरवावे?

रिंगण :
अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला, की दर जूनमध्ये कॉलेजच्या खेळाडूंनी सामन्यामागे किती गुण केले ते पाहून नावांची उतरंड लावली जाते आणि सगळे वाद त्या उतरंडीवरच होत राहतात. माझ्या मते सरासरी गुणांइतका फसवा निकष दुसरा नाही. अ‍ॅडम मॉरिसनने गोंझागा विद्यापीठाकडून 2005-06 च्या हंगामात सामन्यामागे 28.1 गुण करून देशात पहिला क्रमांक मिळवला आणि शार्लटच्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. पण एनबीएत त्याचा जम बसलाच नाही. याउलट डेव्हिन बुकर केंटकी विद्यापीठाकडून सरासरी दहाच गुण करत होता आणि सुरुवातीच्या पाच जणांत तो एकाही सामन्यात नव्हता. 2015 मध्ये तो तेरावा निवडला गेला आणि आज त्याच्या तोडीचे स्कोअरर मोजकेच आहेत.

असे का होते, याचे उत्तर खेळाच्या नियमांत आहे. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा असतो, एनबीएचा 48 मिनिटांचा; कॉलेजात शॉट घेण्यासाठी 30 सेकंद मिळतात, तिकडे 24; जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला तीन गुण मिळतात, ती रेषाही कॉलेजात जवळ आहे. पण या सगळ्यांपेक्षा मला बचावाचा एक नियम महत्त्वाचा वाटतो. ज्याने कोणालाही जवळून अडवलेले नाही, असा बचावपटू एनबीएत बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंद ठाण मांडू शकत नाही. कॉलेजात ही आडकाठी नाही, त्यामुळे उंच खेळाडू तिथे खांबासारखा उभा राहतो आणि समोरून येणारा प्रत्येक शॉट परतवतो. हशीम थबीट हा सात फूट तीन इंचांचा खेळाडू कनेक्टिकटकडून खेळताना असाच भीतिदायक वाटत असे. 2009 मध्ये मेम्फिसने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचा जेम्स हार्डन आणि सातव्या क्रमांकाचा स्टीफन करी हे दोघेही उपलब्ध होते. 2014 नंतर थबीट एनबीएत खेळला नाही.

म्हणून मैदान बदलले तरी जे बदलत नाही, तेच पाहावे असे मी म्हणतो. फ्री थ्रोचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे, अंतर सगळीकडे तेच असते आणि समोर कोणी अडवायला नसते, म्हणून नेमबाजीचा खरा हात फ्री थ्रोमध्ये दिसतो. चेंडू योग्य वेळी सहकाऱ्याकडे देण्याची समज आणि खेळाडूचे वय, हे माझे दुसरे दोन निकष.

जुनीवही :
आपला मुद्दा मला पटत नाही, आणि उदाहरणे तर मुळीच पटत नाहीत. मॉरिसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध 2007 मध्ये फाटला, हे आपण सांगितलेच नाही. ज्या करीचे नाव आपण घेतले, तो 2008-09 मध्ये डेव्हिडसनकडून सरासरी 28.6 गुण करून देशात सर्वांत पुढे होता. केव्हिन ड्युरंटने टेक्सासमध्ये एकाच हंगामात सामन्यामागे 25.8 गुण आणि 11.1 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले होते. ड्राफ्टपूर्वीच्या चाचणीत त्याला 185 पौंडांचे वजन एकदाही उचलता आले नाही, म्हणून केवढी चर्चा झाली, पण अखेर गुणांचा आकडाच खरा ठरला. आपण फसलेले तेवढे मोजता आणि सिद्ध झालेल्यांना सोडून देता.

माझा आक्षेप याहून मूळचा आहे. आकडा कोणताही घ्या, तो खेळ पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मेरिलँडच्या लोयोला महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांनी करीच्या मागे सतत दोन खेळाडू लावले. तो जिथे जाईल तिथे ते दोघे. करी काय करतो? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, दोघांना आपल्याजवळ अडकवून ठेवतो, आणि त्याचे चार सहकारी उरलेल्या तिघांविरुद्ध मोकळेपणाने खेळतात. संपूर्ण सामन्यात त्याने तीनच शॉट घेतले आणि त्याच्या नावावर शून्य गुण लागले. डेव्हिडसन 78-48 असे जिंकले. आपल्या तिन्ही निकषांच्या तक्त्यात हा सामना कोरा दिसेल, पण ज्याने तो पाहिला त्याला या मुलाबद्दल पुष्कळ काही कळले असेल.

उत्तरकाठ :
मी वयाविषयी लिहितो, कारण तिथे अन्याय होतो असे मला मनापासून वाटते. खेळाडू किमान 19 वर्षांचा असावा आणि त्याच्या वर्गाचे शालेय शिक्षण संपून एक वर्ष झालेले असावे, हा नियम 2006 च्या ड्राफ्टपासून लागू झाला आणि कॉलेजात एक वर्ष खेळून निघून जाणाऱ्यांची रांग लागली. परिणामी जो तीन-चार वर्षे कॉलेजात राहिला, त्याच्यात काहीतरी कमी असणार, असा समज रूढ झाला. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षे खेळला आणि 2012 मध्ये पस्तिसावा निवडला गेला. जेलन ब्रन्सनने व्हिलनोव्हाला 2016 आणि 2018 अशी दोन विजेतीपदे मिळवून दिली, तरी त्याच्याआधी बत्तीस नावे पुकारली गेली. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, म्हणून ड्राफ्टच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या फेरीत निवड होण्याची शक्यता असलेले अनेक जण आता कॉलेजातच थांबतात. अशा काळात बावीस वर्षांच्या मुलाकडे कमी प्रतीचा माल म्हणून पाहणे चुकीचे आहे.

रिंगण :
मॉरिसनच्या दुखापतीचा उल्लेख राहिला, ही माझी चूक आहे. मात्र दुखापतीपूर्वीच्या पहिल्या हंगामातही त्याचे शॉट फार चुकत होते, हेही लक्षात घ्यावे. वयाविषयी उत्तरकाठ यांच्याशी माझा फारसा मतभेद नाही. अठराव्या वर्षी मिळवलेले दहा गुण आणि बाविसाव्या वर्षी मिळवलेले दहा गुण सारखे मोजू नयेत, एवढेच मला म्हणायचे होते.

करीबद्दल मात्र माझा निकषच बरोबर ठरतो. 2008 मध्ये सहकारी जेसन रिचर्ड्स कॉलेजमधून बाहेर पडला, तेव्हा करीने चेंडू खेळवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि सामन्यामागे 2.9 असलेले त्याचे असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच बास्केट करतो असे पास) पुढच्या हंगामात 5.6 वर गेले. कवाय लेनर्डचे पाहा. सॅन डिएगो स्टेटमध्ये तीन गुणांचे त्याचे शॉट 30 टक्क्यांच्या आत होते, म्हणून 2011 मध्ये तो पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पण त्याचे फ्री थ्रो सुमारे 76 टक्के होते. म्हणजे हात चांगला होता, फक्त त्यावर मेहनत व्हायची होती.

जुनीवही :
ती मेहनत कोणी करून घेतली, हेही सांगावे. सॅन अँटोनिओच्या संघाने जॉर्ज हिलसारखा तयार खेळाडू देऊन लेनर्डला मिळवले आणि नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याचा शॉट घडवला. तोच मुलगा दुसऱ्या एखाद्या संघात गेला असता, तर आपले 76 टक्के आज कोणाला आठवले असते?

आणि त्याच ड्राफ्टमधले दुसरे नाव घेतो. जिमर फ्रेडेटने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून सरासरी 28.9 गुण केले होते आणि त्याचे फ्री थ्रो 90 टक्क्यांच्या आसपास होते. आपल्या पहिल्या निकषावर तो लेनर्डच्या कितीतरी पुढे जातो. तो दहावा निवडला गेला आणि लगेच अकरावा क्ले थॉम्पसन. फ्रेडेट एनबीएत का टिकला नाही, ते कोणताही सामना लक्ष देऊन पाहिला असता तर दिसले असते: समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू, डाव्या-उजव्या बाजूने वेगाने निघाला, की त्याचे पाय अर्धे पाऊल मागे राहत, आणि एनबीएतले संघ नेमक्या अशाच खेळाडूला शोधून त्याच्यावर चाल करतात.

रिंगण :
फ्रेडेटच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. हा नेम चांगला आहे का, एवढेच फ्री थ्रो सांगतात. तो नेम साधायला एनबीएच्या मैदानावर उभे राहता येईल का, हे त्यातून कळत नाही. यंदाच्या नावांची यादी मी पुन्हा लावायला घेतली आहे आणि या खेपेस प्रत्येकाचा एक सामना फक्त बचावातले पाय पाहत काढणार आहे, चेंडू कुठे आहे याकडे न बघता. सरासरी गुणांचा रकाना मात्र माझ्या यादीत अजूनही शेवटीच राहील.