१३०/६५० न्यूटोनियनसाठी आयपीस: सहा हजारांत काय घ्यावं, काय टाळावं?

गच्चीवरून

दुर्बीण १३० मिमी न्यूटोनियन, म्हणजे आरशाची; फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) ६५० मिमी, ईक्यू-२ माउंट, म्हणजे अक्ष ध्रुवाकडे रोखायचा छोटा स्टँड. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याशी येणारी बदलती भिंगं) आणि रेड डॉट फाइंडर (नेम धरायचा लाल ठिपका). बघणं बहुतेक कोथरूडमधल्या गच्चीवरून, अमावास्येच्या आसपास पानशेतच्या बाजूला. १० मिमीतून गुरू म्हणजे नुसता पांढरा ठिपका, पट्टे दिसत नाहीत. २५ मिमीत कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. बजेट ६,००० रुपये. तेवढ्यात एक वापरलेली पेटी मिळतेय: ३२, १७, १३, ८, ६ मिमीचे पाच प्लॉसल (साध्या बनावटीचे आयपीस), २x बार्लो (आयपीसची फोकल लेंथ निम्मी, म्हणजे विशालन दुप्पट करणारं भिंग) आणि सात फिल्टर. घ्यावी का? चष्मा आहे, उणे अडीच, सिलिंडर सव्वा.

व्याध

पेटी नको. आधी बार्लो लावून हिशेब करा. १७ मिमीला बार्लो लावला की साडेआठ, आणि पेटीत ८ आहेच. १३ चा साडेसहा, आणि ६ आहेच. ३२ चा १६, तर शेजारी १७. म्हणजे दहा जागांपैकी तीन जागी तेच ते. वर ८ आणि ६ मिमीच्या प्लॉसलला डोळा काचेपासून पाच-सहा मिमीवर आणावा लागतो. पापण्या काचेला घासतात, काचेवर तेलाचा थर बसतो आणि पंधरा मिनिटांत चंद्र धुरकट दिसायला लागतो. फिल्टरचं तर विचारूच नका, सातांपैकी सहा डब्यातच राहणार.

विशालन म्हणजे दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची. तुमचा २५ मिमी २६ पट देतो, १० मिमी ६५ पट. मधली जागा रिकामी आहे ती चालेल, वरची रिकामी आहे ती खुपते. म्हणून पहिली खरेदी ६ मिमी, ६६ अंश दृष्टिक्षेत्राचा, अंगावर सोनेरी पट्टा असलेला. एकाच बनावटीचा हा आयपीस निरनिराळ्या ब्रँडच्या नावांनी विकला जातो. १०८ पट मिळतात आणि आकाशाचा ०.६ अंश (६६ भागिले १०८) तुकडा दिसतो, म्हणजे पूर्ण चंद्र मावून कडेला थोडी जागा उरते. याच मालिकेत ९ मिमीही चांगला आहे, पण तुमच्याकडे १० आहे, त्यामुळे घाई नाही. १५ आणि २० मिमी मात्र तुमच्यासारख्या एफ/५ दुर्बिणीला (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या पाचपट) घेऊ नका. ६ आणि ९ मध्ये पुढच्या बाजूला बार्लोसारखी भिंगं असल्याने ते तिरक्या किरणांना सांभाळून घेतात, १५ आणि २० मध्ये कडेचे तारे फिस्कटतात.

शेपट्यांबद्दल: त्या आयपीसच्या नव्हेत, एफ/५ आरशाच्या आहेत. याला कोमा म्हणतात. तो घालवणारा करेक्टर तुमच्या बजेटच्या बाहेरचा. तारा मध्यभागी ठेवा आणि विसरा.

रोहिणी_शकट

सहा मिमी बरोबर, पण त्याआधी कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आहेत का, ते बघा. ६५ पटीला पट्टे दिसायलाच हवेत. गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना ४५ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास असतो. गुणिले ६५ केलं की नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राच्या दीडपट आकार झाला. म्हणजे प्रश्न आकाराचा नाही. एकतर आरसे हललेत, नाहीतर गच्ची तापलेली आहे.

खर्च शून्य. फोकसरच्या (आयपीस बसवायच्या, चाकाने पुढेमागे होणाऱ्या नळीच्या) धूळटोपणाला अगदी मधोमध २ मिमीचं भोक पाडा आणि दिवसा त्यातून बघा. दुय्यम, म्हणजे नळीतला लहान तिरका आरसा गोल दिसला पाहिजे, त्याच्या आत मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी क्लिप गायब असेल तर दुय्यम आरशाच्या तीन बारीक स्क्रूंना हात घाला, तेही दुर्बीण आडवी धरून. उभ्या नळीत पाना निसटला तर थेट मुख्य आरशावर पडतो.

रात्री ध्रुवावर या. तो जागचा हलत नाही, म्हणून पाठलाग करावा लागत नाही. १० मिमी लावून फोकस थोडा बिघडवा. गोल कडी आणि मधोमध काळी सावली दिसली तर काम झालं. सावली एका बाजूला सरकली असेल तर नळीच्या मागचे तीन लॉक स्क्रू सैल करा आणि मोठ्या तीनपैकी एक पाव फेराच फिरवा. तारा मध्यातून सरकेल, तो परत मध्यावर आणून मगच सावली तपासा. इथेच बहुतेकांचं चुकतं: कडेला गेलेल्या ताऱ्यावर बघून पुढचा स्क्रू फिरवतात आणि अर्ध्या तासात होतं तेही बिघडवून ठेवतात.

कोलिमेशनच्या स्वस्त लेझरच्या नादी लागू नका. तो स्वतःच वाकडा असतो. दुकानात पारखायचा असेल तर टेबलावर एकाच जागी गोल गोल फिरवा आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर बघा. ठिपक्याने वर्तुळ काढलं तर परत करा.

अगस्ती

व्याध, ६ मिमीऐवजी चांगला २x बार्लो का नाही? १० चे १३० पट, २५ चे ५२ पट, एका वस्तूत दोन जागा भरतात. शिवाय अनेक बार्लोंचं खालचं भिंग पिळून निघतं आणि आयपीसच्या फिल्टरच्या आट्यांत बसतं, तेव्हा साधारण दीडपट मिळते. १० मिमीवर म्हणजे ९७-९८ पट. गुरूला हेच सोसतं.

व्याध

अगस्ती, हिशेब बरोबर आहे, पण बार्लो समोरच्या आयपीसचे दोष झाकत नाही. सोबत आलेला १० मिमी या किमतीच्या दुर्बिणींत सहसा सगळ्यात कच्चा असतो, तोच आणखी ताणून काय मिळणार? दुसरं, बार्लो लावला की सगळा डोलारा फोकसरच्या बाहेर लोंबतो, आणि ईक्यू-२ वर फोकसच्या चाकाला बोट लावलं की प्रतिमा दोन-तीन सेकंद डुलते. आधी ६ मिमी, पुढे पैसे झाले की बार्लो. हातात दोन्ही वस्तू मिळत असतील तर मात्र आधी लावून बघा. पुण्यातच आहात. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे, त्यांच्या आकाशदर्शनाला जा. दुसऱ्याच्या आयपीसमधून दहा मिनिटं बघितलं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते.

गच्चीवरून

कोलिमेशन केलं, सावली बरीच बाजूला होती. आता दोन पट्टे दिसतात, पण नऊ वाजेपर्यंत प्रतिमा उकळल्यासारखी असते. तीन शंका: चष्मा लावून बघायचं की काढून? ३२ मिमीचा एक प्लॉसल सुटा घ्यावा का? आणि चंद्राने डोळे दिपतात, त्यासाठी फिल्टर लागेल ना?

रोहिणी_शकट

उकळणं हा गच्चीचा प्रताप आहे. दिवसभर तापलेला स्लॅब दोन-तीन तास ऊब सोडत राहतो. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल. गुरू डोक्याकडे वर आल्यावरच बघा, आणि शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून तर कधीच नाही.

चष्म्याचा नियम: उणे किंवा अधिक नंबर फोकसरच्या चाकाने भरून निघतो, चष्मा काढा. सिलिंडर चाकाने भरून निघत नाही. पण आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत जितका बारीक तितका सिलिंडरचा त्रास कमी. झोताची जाडी म्हणजे आयपीसची फोकल लेंथ भागिले पाच. २५ मिमीला ५ मिमीचा झोत, तिथे सव्वा सिलिंडर नक्की जाणवेल, चष्मा ठेवा. ६ मिमीला १.२ मिमी, तिथे चष्मा खुशाल काढा. खात्री करायची तर ताऱ्याकडे बघत मान तिरकी करा. ताऱ्याची रेघ मानेसोबत फिरली तर दोष डोळ्याचा. मान सरळ ठेवून आयपीस फिरवल्यावर रेघ फिरली तर आयपीसचा. दोन्हीने फिरली नाही तर आरशाकडे चला.

३२ मिमी नको. २६ पटींऐवजी २० पट होतील आणि दृष्टिक्षेत्र पावणेदोन-दोन अंशांचं अडीच अंशांवर जाईल. पण झोत ६.४ मिमी. चाळिशीनंतर बऱ्याच जणांची बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही, उरलेला प्रकाश वाया. वर कोथरूडचं आकाश आणखीच राखाडी दिसेल. हाच आयपीस १५० मिमी, १२०० फोकल लेंथच्या डॉब्सनियनला (जमिनीवरच्या फिरत्या पेटीत बसणारी आरशाची दुर्बीण) मात्र पहिला घ्यावा.

चंद्राला फिल्टर नको, गच्चीवरचा दिवा लावा. आजूबाजूला उजेड असला की बाहुली लहान होते आणि दिपणं थांबतं.

अगस्ती

सूर्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून: आयपीसमध्ये पिळून बसवायचा काळा ‘सन फिल्टर’ कुठे हाती लागला तर फोडून टाका. सगळी उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तो नळीच्या तोंडावर, बाहेरून पूर्ण झाकणारी सोलर फिल्म लावूनच. बाडर कंपनीची ए-४ आकाराची फिल्म १३० मिमीला पुरते. पुठ्ठ्याची घट्ट टोपी करून तिला चारही बाजूंनी टेप लावा, वाऱ्याने उडता कामा नये. फाइंडर त्या दिवशी काढूनच ठेवा.

आणि उरलेल्या पैशांतून पाव किलो सिलिका जेल आणि रबरी कडेचा हवाबंद डबा. जून ते सप्टेंबर आयपीस कपाटात तसेच राहिले की काचेवर जाळीसारखी बुरशी धरते आणि ती पुसली जात नाही. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं, फक्त निळं जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं.

गच्चीवरून

६ मिमी मागवला. शेवटचं एक: माउंटचा अक्षांश साडेअठरावर आणला की वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. माउंट खराब आहे का?

व्याध

नाही, अशी माउंट वरच्या अक्षांशांसाठी आखलेली असतात. आपल्याकडे ध्रुव इतका खाली की दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो, आणि सूचनापत्रकाप्रमाणे तिपाईचा एक पाय उत्तरेला ठेवला तर नेमका त्याच पायावर येतो. वरचं डोकं सैल करा, तिपाई साठ अंश फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणा, मग डोकं पुन्हा घट्ट करा. तरी घासलंच तर वजन दांड्यावर थोडं वर सरकवा आणि नळी तिच्या कड्यांमध्ये पुढेमागे करून तोल साधून घ्या.