ए विंग ग्रुप: रात्री साडेतीनची ठकठक

२०३ काका, प. ५.१२
सेक्रेटरीसाहेब, आज सलग अकरावी रात्र. साडेतीनला डोक्यावर ठक... ठक... ठक. हॉलमधून किचनपर्यंत जाते आणि परत येते. आज मोजली, बेचाळीस वेळा. कोणाचं घर ते सांगायला नको. गच्चीवरच्या जाळीचं प्रकरण कोणी विसरलं नसेलच.

१०१, स. ६.४०
शुभ प्रभात. लिफ्टचा एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) ३१ तारखेला संपतोय. कोणी बघतंय का?

सेक्रेटरी, स. ७.०५
काका, नोंद घेतली. संबंधितांनी कृपया सहकार्य करावे. 🙏

२०३ काका
संबंधित म्हणजे ३०३. नाव घ्यायला घाबरायचं कशाला? प्रोफेशनल गोल्फर असतील, मान्य. म्हणून फरशीवर बॉल बडवायचे? गोल्फ क्लबवर जा म्हणावं.

४०४ चा मुलगा
आजोबा, गोल्फ क्लबवर गोल्फ नसतो. रणजी असते 😄

५०१ भाऊ
आणि सकाळी अर्धं नाशिक शुगर कमी करत फिरत असतं.

३०१ काकू
हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणा रे. निदान नाशिककरांनी तरी.

५०१ भाऊ
काकू, रिक्षावाल्याला तसं सांगून बघा. थेट रामकुंडावर सोडेल.

खजिनदार
विषय निघालाच आहे म्हणून. ३०३ यांची मागची तिमाही बाकी आहे. उपविधीप्रमाणे थकबाकीवर व्याज लावता येतं, आपण लावत नाही. गोल्फ खेळणाऱ्यांना मेंटेनन्स जड जाऊ नये.

४०२ ताई
दादा, थकबाकी ग्रुपवर टाकायची नाही असं ठरलं होतं ना? तुमच्याच पार्किंगच्या वेळी ठरलं होतं.

खजिनदार
तो विषय वेगळा होता.

४०२ ताई
हो, तुमचा होता.

४०४ चा मुलगा
गोल्फमध्ये सगळे श्रीमंत नसतात. दोन राऊंड म्हणजे ३६ होल झाले की कट लागतो. खाली राहिलं की बॅग भरून घरी, हातात शून्य. एंट्री फी, प्रवास, हॉटेल, बॅग उचलणारा कॅडी, सगळं आपल्या खिशातून.

२०३ काका
तूच मागे सांगत होतास, तो पुण्यात जन्मलेला लाहिरी अमेरिकेत दुसरा आला आणि वीस लाख डॉलर मिळाले.

४०४ चा मुलगा
२०२२ ला, प्लेअर्स स्पर्धेत. एका शॉटने हुकला. पण तो अनिर्बान लाहिरी आहे आजोबा.

१०१
लिफ्टचा एएमसी ३१ तारखेला संपतोय.

३०१ काकू
मी म्हणते ती बिचारी सगळं एकटी बघते, आपण तिलाच बोलतोय. नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेर. माझ्याने नसतं झालं.

५०१ भाऊ
काकू, तुमच्या काकांना विचारा, त्यांना वीस दिवस बाहेर राहायला चालेल का 😂

३०१ काकू
त्यांना पिशवी घेऊन दूध आणायला पाठवलं तरी चार वेळा फोन येतो.

३०३ वहिनी, दु. १.२०
नमस्कार काका. सकाळी आठलाच निघते, आत्ता डबा खाताना वाचलं. हे सोळा दिवस घरी नाहीत. आधी कोलकाता, आता बंगळूर. निघाले त्या पहाटे पावणेचारला टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला त्याबद्दल मात्र सॉरी. ओझरहून सोयीचं विमान नव्हतं, कसारा घाट उतरून मुंबई गाठायची होती.

ठकठक आईंची आहे. मध्ये बाथरूममध्ये पडल्या, घोट्याला प्लास्टर होतं, ते बारा दिवसांपूर्वी काढलं. वॉकर आणलाय, त्यावर सध्या टॉवेल वाळतात. 'वॉकर धरला की म्हातारी झाले' म्हणतात. ह्यांचा जुना पटर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायची गोल्फची काठी, दाराआड होता, तो घेऊन चालतात. उंची काठीएवढीच, पण खालचं डोकं लोखंडी. रात्री पाय आखडला की उठतात. मी मागून चालते, त्यांना कळू न देता.

खजिनदारसाहेब, १४ तारखेला एनईएफटी केलंय. माझ्या पगारातून. स्क्रीनशॉट तुमच्या नंबरवर तेव्हाच पाठवला होता, निळ्या टिका आहेत.

खजिनदार
बघतो. बँकेकडून कधीकधी उशिरा दिसतं.

३०१ काकू
अगं, आई पडल्या आणि मला समोरच्या दारात पत्ता नाही? नवऱ्याला तरी कळवलंस ना लगेच?

३०३ वहिनी
ह्यांच्या आधीच्या दौऱ्यात, दुसऱ्या राऊंडच्या दिवशी पडल्या काकू. खेळताना फोन कॅडीच्या बॅगेत बंद असतो. संध्याकाळी फोन आला की सांगू असं ठरवलं होतं. फोन आला आणि पहिलं वाक्य, 'जेवलीस का?' चांगला खेळ झाला की हे हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, पहिल्या होलपासून सुरू करतात. 'जेवलीस का' म्हणजे कट हुकला. मग म्हटलं, आज नको. दुसऱ्या दिवशी सांगितलं. खूप रागावले.

३०१ काकू
बरोबर आहे त्यांचं. आणि तुझंही.

४०४ चा मुलगा
वहिनी, गोल्फर शेफलर २०२४ च्या मास्टर्स स्पर्धेला म्हणाला होता की बायकोला कळा सुरू झाल्या तर स्पर्धा सोडून घरी जाईन. जिंकत असलो तरी.

३०३ वहिनी
माहितीये रे. जिंकलाही तोच. हे मला दोनदा ऐकवून झालंय.

३०१ काकू
त्याला परवडतं. जगात पहिला आहे तो.

४०२ ताई
मी फिजिओ म्हणून सांगते, पटर आजच्या आज काढून घ्या. गुळगुळीत फरशीवर लोखंड सटकतं. अजून चार आठवडे वॉकरच.

५०१ भाऊ
उलटा धरायचा. डोकं मुठीत, रबरी ग्रिप खाली. आवाज बंद!

४०२ ताई
भाऊ, नको. ग्रिप निमुळती असते, तीही सरकेल.

३०३ वहिनी
काढून घेतला तर जेवत नाहीत. एकदा करून झालंय. त्यांच्या मुलाचा आहे तो, एवढंच कारण.

२०३ काका, दु. २.०५
हा मेसेज डिलीट केला गेला.

२०३ काका, दु. २.११
मुलालाच फोन करायला सांगा. म्हणावं, आई, तो पटर मला लागतोय, पाठवून दे. मग देतील. मुलाचं काम म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणते?

३०३ वहिनी
काका... हे सुचलंच नाही. आज रात्री ह्यांना सांगते.

२०३ काका
आणि वॉकरचे पाय बघा. आमच्या हिच्या वेळी वर्षभर वॉकर वापरला होता, रबरी बुचं झिजली की तोही वाजतो. घरी चार नवीन पडली आहेत. संध्याकाळी वर आणून बसवून देतो. मला झोप हवी आहे, बाकी काही नाही.

३०१ काकू
मीही येते. थालीपीठ लावते आईंना.

५०१ भाऊ
मग आम्हीही ऐकायला येतो, आवाज बंद झाला का ते.

४०२ ताई
भाऊ, थालीपीठ आईंना आहे.

१०१, दु. २.३०
लिफ्टचा एएमसी ३१ तारखेला संपतोय. थालीपीठ घेऊन जिन्याने चढणार का?