अपंगांच्या भत्त्यांवरील कात्री आणि ब्रिटनचा प्राधान्यक्रम

संरक्षणखर्च वाढवायचा तर ब्रिटनला अपंगांच्या भत्त्यांना कात्री लावण्यावाचून गत्यंतर नाही, असे म्हटले जाते; मला ते पटत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी संरक्षणखर्च 2027 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यासाठीचा पैसा परदेशी मदतीतून काढला होता. ‘पिप’ या अपंगत्वभत्त्यातील कपात मार्चमध्ये स्वतंत्रपणे मांडली गेली, आणि सरकारच्याच अंदाजानुसार त्या प्रस्तावांमुळे 50 हजार मुलांसह अडीच लाख लोक सापेक्ष दारिद्र्यात (देशातील मध्यम उत्पन्नाच्या तुलनेत फार कमी उत्पन्नात) ढकलले जाणार होते. पिप हा बेकारभत्ता नव्हे. अपंगत्वामुळे वाढणारा मदतनिसाचा, प्रवासाचा, घर उबदार ठेवण्याचा खर्च भागावा म्हणून तो नोकरदारांनाही मिळतो, त्यामुळे तो काढून घेतल्यास अनेकांना आहे ती नोकरी टिकवणेही कठीण होईल. स्टार्मर यांच्याच मजूर पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांच्या विरोधामुळे 1 जुलैच्या संसदेतील मतदानाच्या ऐन तोंडावर ही कपात मागे घेण्यात आली, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या वा बेरोजगार लोकांसाठीच्या सरकारी भत्त्यातील आरोग्यविषयक रक्कम एप्रिल 2026 पासून बहुतेक नव्या अर्जदारांसाठी आठवड्याला सुमारे 97 पौंडांवरून 50 पौंडांवर आणण्याची तरतूद कायद्यात राहिलीच. सारख्याच आजाराच्या दोन माणसांपैकी उशिरा आजारी पडलेल्याला निम्मी मदत मिळावी, हे मला उघड अन्यायाचे वाटते.