अंगठी आणि दंड सोडून सम्राटाने 1122 मध्ये गमावलं तरी काय?

कुतूहल:
पोपची माफी मागायला इटलीतल्या कनोसा किल्ल्याच्या दारात अनवाणी ताटकळलेला जर्मन राजा चौथा हेन्री (1077) सगळ्यांना माहीत असतो. पण बिशप कोणी नेमायचे, राजाने की पोपने, हे भांडण मिटलं ते 45 वर्षांनी, त्याचा मुलगा सम्राट पाचवा हेन्री याच्या काळात, वर्म्सच्या करारात. त्यात असं ठरलं की सम्राटाने बिशपला अंगठी आणि मेंढपाळाचा दंड द्यायचा नाही, जमीनजुमला राजदंडाने द्यायचा. म्हणजे एक काठी गेली आणि दुसरी आली, इतकंच ना? मग पोपचा विजय कसला?

जुनीपानं:
वस्तूंचा अर्थ बघा. अंगठी म्हणजे बिशपचं मंडळीशी (चर्चशी) लागलेलं लग्न, दंड म्हणजे कळपाची राखण. राजा त्या देताना "ही मंडळी घे" असं म्हणे. म्हणजे आत्म्यांचा अधिकारच राजाच्या हातून येतोय असं दिसायचं. आक्षेप त्याला होता.

पण जर्मन बिशप हा जहागीरदारही होता. नाणी पाडणं, जकात, बाजार, न्यायनिवाडा हे हक्क त्याच्याकडे असत आणि लढाईला तो राजाला घोडेस्वार पुरवायचा. शिवाय त्याला वारस नसे, त्यामुळे तो मेला की सगळं परत राजाकडे यायचं. सरदाराची जहागीर मुलाकडे जाते, बिशपची जात नाही! असा हुकमी माणूस नेमायचा हक्क कोणता राजा सुखासुखी सोडेल? राजदंडामुळे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

लॅटिनवेडा:
वर बरोबर आहे, पण करारातली खरी मेख काठीत नाही, क्रमात आहे. जर्मनीत बिशपची निवडणूक सम्राटासमक्ष व्हायची (लाच आणि बळजबरी चालणार नाही या अटीवर). निवडलेला माणूस आधी राजदंडाने जमिनी आणि हक्क घेणार, मग बिशप म्हणून त्याचा अभिषेक. इटली आणि बर्गंडीत उलट: आधी अभिषेक, आणि मग सहा महिन्यांच्या आत राजदंड.

फरक लक्षात घ्या. जर्मनीत राजाने राजदंड पुढे केलाच नाही, तर निवडून आलेला माणूस अडकून पडतो. इटलीत तो आधीच बिशप झालेला असतो, त्याला अडवून उपयोग नाही. निवडणुकीत वाद झालाच तर आर्चबिशप आणि त्या प्रांतातल्या बिशपांच्या सल्ल्याने "अधिक रास्त" बाजूला सम्राटाने पाठिंबा द्यायचा, हेही कलम आहे. आता रास्त बाजू कोणती, हे समोर बसलेल्या सम्राटालाच आधी सुचणार.

तेव्हा आल्प्सच्या उत्तरेला सम्राटाने फारसं गमावलं नाही. दक्षिणेला पुष्कळ गमावलं.

कुतूहल:
मग सरळ बिशपांनी जमिनीच सोडायच्या! "कैसराचे ते कैसराला", विषय संपला.

जुनीपानं:
तोही प्रयोग झालाय, 1111 मध्ये. दुसरा पास्कल पोप म्हणाला: बिशपांनी राजाकडून मिळालेलं सगळं परत करावं, पाचव्या हेन्रीने नेमणुकीचा हक्क सोडावा. सेंट पीटर्समध्ये हे वाचून दाखवताच बिशप खवळले. दशमांश आणि दानावर जगायची कोणाचीच तयारी नव्हती. सौदा फिसकटला, हेन्रीने पोपलाच कैद केलं आणि अंगठी-दंडाचा हक्क लिहून घेतला. 1112 च्या धर्मसभेत तो हक्क रद्द ठरवला गेला.

तोडगा आधी इंग्लंडमध्ये निघाला होता. 1107 मध्ये तिथल्या राजाने, पहिल्या हेन्रीने अंगठी-दंड सोडला, पण जमिनीपोटी बिशपने राजासमोर निष्ठा वाहायची प्रथा ठेवली.

लॅटिनवेडा:
कनोसाबद्दलही एक. तिथे नेमणुकांचा निकाल लागलाच नाही, चौथ्या हेन्रीवरचा पोपचा धर्मबहिष्कार फक्त उठला. त्याला घाई होती, कारण वर्षाच्या आत बहिष्कार उठवून आणला नाही तर तुला राजा मानणार नाही, असं सरदारांनी बजावलं होतं. शिवाय पोप सातवा ग्रेगरी त्या सरदारांच्या सभेसाठी जर्मनीत ऑग्सबुर्गला निघालाच होता. हेन्रीने त्याला वाटेतच गाठलं. याजक या नात्याने पश्चात्ताप करणाऱ्याला परत पाठवणं ग्रेगरीला जड होतं. डावपेच म्हणून हे हेन्रीचं यशच, भले सरदारांनी त्याच मार्चमध्ये स्वाबियाच्या रुडॉल्फला राजा निवडलं.

आणि 1122 चा करार म्हणजे एक कागद नव्हे, दोन. सम्राटाने आपला शब्द देवाला, पीटर-पॉलला आणि मंडळीला दिला. पोप दुसऱ्या कालिस्टसने मात्र सवलती एकट्या पाचव्या हेन्रीच्या नावे लिहिल्या. हेन्री 1125 मध्ये वारला. त्या सवलती पुढच्या राजाला लागू होतात का, यावर रोमची बाजू लगेच म्हणू लागली: नाही.